घड्याळवाल्याच्या घरचं पाणी

सोमवार, ४ मार्च

पोचले एकदाची! एक विमान, मग दुसरं विमान, मग मालट्रक. ट्रकमध्ये मी पाण्याच्या दोन टाक्यांच्या मध्ये चेपून बसले होते. अंग पार आंबून गेलंय, पण मन ताजंतवानं आहे. नवी जागा, नवं काम, आणि पाण्याच्या खात्यात माझ्यावर हुकूम गाजवणारं कुणी नाही. आणखी काय हवं?

ही वही ठकीने दिली. वर हिरवागार बेडूक आहे, कारण शाळेच्या गॅदरिंगमध्ये ती बेडूक होणार आहे आणि सध्या आमच्या घरात बेडकाशिवाय दुसरा विषय नाही. अट अशी, की आईने रोज लिहायचं आणि परत आल्यावर सगळं वाचून दाखवायचं. निघताना मी 'जाते' म्हणून गेले, तर बयो दारात हात आडवे पसरून उभी. म्हणे, "जाते नाही, येते म्हण." पुढचा दात पडलाय, त्यामुळे धमकीसुद्धा फुसफुसत बाहेर पडते. म्हटलं, येते गं बाई, येते.

अठ्ठावीसला गॅदरिंग. सव्वीसला माझं परतीचं विमान. इथल्या साहेबांना हातात हात देतानाच सांगून टाकलं, की बेडूक स्टेजवर आला आणि मी पहिल्या रांगेत नसले, तर माझी धडगत नाही. साहेब हसले. गळ्यात कायम शिट्टी असते त्यांच्या. इथे सगळे त्यांना शिट्टीसाहेबच म्हणतात, अर्थात त्यांच्या पाठीमागे.

मंगळवार, ५ मार्च

आज सगळी छावणी पायाखाली घातली. भूकंपात गाव जवळजवळ पूर्ण बसलं, उरलेली माणसं या खेळाच्या मैदानावर आणली आहेत. गोलच्या दोन खांबांना दोरी बांधून कपडे वाळत घातले आहेत. टँकर सकाळी येतो, मी क्लोरीन घालते, मग सहा तोट्यांच्या नळकोंडाळ्यावर रांग लागते. तीन तोट्या गळत होत्या. वॉशर बदलले. पाना हातात आला की मला माहेरी आल्यासारखं वाटतं.

माझ्याबरोबर दुभाषी म्हणून एक ताई आहे. गावातल्या शाळेत शिकवायची. बारीक चणीची, डोळे सतत लाल, पण कामात चोख. तिने एक गंमत सांगितली. इथे तंबू नंबराने लावलेले नाहीत. गल्लीत घरं ज्या क्रमाने होती, त्याच क्रमाने तंबू. लोक अडूनच बसले होते म्हणे. त्यामुळे एकाही म्हातारीला शेजार नवा नाही. शिट्टीसाहेब वैतागलेत, मला मात्र ते फार शहाणपणाचं वाटलं.

फक्त एक खटकलं. शिंपीणबाई आणि सुतारकाका यांच्या तंबूंच्या मधे बरोब्बर एका तंबूची जागा रिकामी आहे. चार कोपऱ्यांना चार दगड आणि मधोमध पाण्याने भरलेली पत्र्याची बादली. आणि इथे आम्ही एका तंबूत चौघी, त्यात डॉक्टरीणबाई घोरतात अशा की भूकंपाने लाजावं. शिव शिव, काय लिहिते मी. ठकीला वाचून दाखवताना हे गाळायचं.

गुरुवार, ७ मार्च

आज माझ्या हातून मोठा गोंधळ झाला. निस्तरला म्हणा.

उघड्यावर साचलेलं पाणी मला दिसलं की माझे हात शिवशिवतात. साथीचा पहिला नियमच तो, दिसलं की ओता. त्या बादलीत डासांच्या अळ्या वळवळत होत्या. कुणी तिला हातसुद्धा लावत नव्हतं. मी उचलली आणि दिली ओतून.

शिंपीणबाई किंचाळल्या. सुतारकाका हातातलं सोडून धावत आले. ताई मधे पडली आणि मग तिने मला सगळं सांगितलं.

ती जागा घड्याळवाल्याची. घरात तो, त्याची म्हातारी आई, दोन मुलगे आणि बायको. भूकंप झाला तेव्हा बायको हीच बादली घेऊन कोपऱ्यावरच्या नळावर गेली होती. तिथेच भिंत अंगावर पडून गेली. बाकीचे चौघे घरात स्लॅबखाली जिवंत अडकले. हाताने काही तो स्लॅब हलेना आणि यंत्र वेळेवर आलं नाही. शेजारी वरून ऐकत होते. मुलं पाणी मागत होती आणि आईला हाका मारत होती. वरून जे पाणी ओतलं, ते मातीतच मुरलं. शेवटी हाका बंद झाल्या. म्हणून आता त्यांच्या घराच्या जागी ही बादली भरून ठेवतात, गल्ली अर्धवट राहू नये म्हणून जागा सोडतात.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी म्हटलं, चुकलं माझं. पण पाण्याची काळजी करू नका, पाण्याचं माझ्याकडे लागलं. रोज ताजं भरीन, झाकून ठेवीन. सुतारकाकांनी ताईकडून पुन्हा विचारून घेतलं, की रोज? तुमच्या हाताने? मी हो म्हटलं. त्यांनी माझा हात हातात घेतला आणि ढसाढसा रडले.

मग मीच सुचवलं, मी इथेच राहते, बादलीवर लक्षही राहील. सुतारकाका लगेच दगड सरकवायला लागले. शिंपीणबाईंनी मात्र तोंड वाकडं केलं. घरी लेकरू आहे का, विचारलं. मी कौतुकाने ठकीचा फोटो दाखवला. त्या म्हणाल्या, मग नको राहूस. सुतारकाकांवर फार चिडल्या, दोघांचं बरंच जुंपलं. ताईने त्यातलं निम्मंच सांगितलं. मी म्हटलं, जाऊ दे, शेजारपाजारचं आहे.

तर मी आता स्वतंत्र घरमालकीण झाले आहे! तंबू ऐसपैस आहे. ऊनही छान येतं.

शनिवार, ९ मार्च

काम जोरात. अतिसाराचे रुग्ण निम्म्यावर आले, डॉक्टरीणबाईंनी पाठ थोपटली. नळाच्या चौथऱ्यावर उभं राहिलं की मोबाइलला रेंज येते. ठकीशी बोलले. तिने फोनवर डराँव डराँव करून दाखवलं आणि नवरोबा मागून ओरडले, की या बेडकाला आता तूच येऊन आवर.

सकाळी भरलेली बादली दुपारी रिकामी असते. झाकण जागच्या जागी. कुणी तहानलेलं पीत असेल तर बरंच आहे, पाणी पिण्यासाठीच असतं. पण तंबूत चुन्याची पांढरी धूळ फार येते. अंथरुणावर, चपलांवर, या वहीवरसुद्धा. जमिनीतून टकटकही ऐकू येते. पाइपात हवा अडकली की असा आवाज होतो.

मंगळवार, १२ मार्च

पाइप तपासले. या बाजूला पाइपच नाही.

बादलीवर चुन्याचे ठसे होते. लहान बोटांचे, दोन मापांचे. छावणीतली कार्टी. एखाद्या दिवशी पकडीन आणि कान पिळीन, असं म्हणत मी ठसे पुसत होते, तेवढ्यात तंबूच्या मागून 'आई' अशी हाक आली. इथल्या भाषेतही आईला जवळजवळ तसंच म्हणतात. आणि आयांचं कसं असतं, कुणाच्याही पोराने हाक मारली तरी तोंडातून जातंच. मी म्हटलं, "आले रे."

मागे कुणी नव्हतं. भर दुपार. शिंपीणबाई मशीनवर बसल्या होत्या. त्यांचे पाय थांबले. उठून आल्या आणि माझ्या तोंडावर हात ठेवला. बराच वेळ ठेवला. हाताला मशीनच्या तेलाचा वास होता. त्यांना काय सांगायचं होतं ते सांगायला ताई जवळ नव्हती.

गुरुवार, १४ मार्च

ठकीचा फोन. तिच्या बाई तिला पुढे उभं करणार आहेत म्हणाली. मी विचारलं, कोणत्या बाई? ती फुरंगटली. वर्षभर त्या बाईंचं नाव ऐकते आहे मी रोज, आणि आठवेचना. हसण्यावारी नेलं. दमणूक झाली आहे, दुसरं काय.

पण नंतर चौथऱ्यावर बसून आमच्या घराचा जिना आठवून पाहिला. लाकडी की दगडी? आपण रोज चढतो तो जिना.

आठवला. दगडी. आठवायला वेळ लागला एवढंच.

रविवार, १७ मार्च

नळावर आज भांडण झालं. रांगेत घुसण्यावरून. एक जण म्हणत होती की हिचा नवरा दोन कॅन भरून गेलाय, दुसरी म्हणत होती की तो नवरा नाही, दीर आहे. मी मधे पडले, दोघींना दटावलं, दिराला नवरा करू नका म्हटलं, सगळी रांग हसली. पुष्कळ दिवसांनी लोक असे हसले. मला फार बरं वाटलं.

वळून पाहिलं तर ताई पांढरीफटक. ती म्हणाली, मी तर आत्ता आले. तुम्हाला कुणी सांगितलं त्या काय बोलत होत्या? आणि तुम्ही बोललात ते कोणत्या भाषेत?

मला वाटत होतं मी मराठीत बोलले.

मंगळवार, १९ मार्च

ठरवलं. भीती वाटते हे कबूल करायला लाज कसली? तंबू उचलला आणि डॉक्टरीणबाईंकडे परत गेले. त्या म्हणाल्या, शीण आहे, उन्हाचा त्रास आहे. गोळ्या दिल्या. सुतारकाकांना मीच सांगितलं, की बादली आता तुम्ही भरा. त्यांनी मान खाली घातली. मान हलवलीही.

शिंपीणबाई भेटल्या. त्या बोलल्या आणि मला समजलं. शब्द न् शब्द, ताईशिवाय. म्हणाल्या, आम्ही भरायचो त्या पाण्याला कधी ओठ लागला नाही. अळ्या पडल्या, तू पाहिल्यास ना? तू भरलंस आणि रिकामी व्हायला लागली. त्यांना पाणी नको आहे, पाणी घेऊन येणारी हवी आहे. सुताराला हे कळतं, पण त्याने फार ऐकलंय. त्याला ते थांबायला हवंय, कसंही करून. तू जा. तुझं लेकरू दुसरीकडे आहे.

मी साहेबांकडे गेले. विमान अलीकडचं मिळेल का विचारलं. नाही मिळत. सव्वीसच.

सव्वीस काही लांब नाही. ठकीचा फोटो उशीखाली ठेवला आहे. ठकी. उजव्या कोपरावर भाजल्याचा डाग. दूध नको, साय नको. पांघरूण पायाशी लाथाडून झोपते. लिहून ठेवते आहे सगळं. पुढचा दात पडलेला. येते म्हण म्हणाली होती.

बुधवार, २० मार्च

सुतारकाकांनी सकाळी भरलेली बादली संध्याकाळी तशीच. काठोकाठ. वर धूळ.

आणि टकटक. आता माझ्या तंबूखाली नाही. त्या रिकाम्या जागेतच. पण मला इथपर्यंत ऐकू येते. डॉक्टरीणबाईंना येत नाही.

गुरुवार, २१ मार्च

कानांत कापूस घातला. उपयोग नाही. आधी थोरल्याचा आवाज होता. तो धाकट्याला गप्प करत होता, की आई येतेच आहे, रांग मोठी असेल. मग म्हातारी. मग सगळे गप्प. आणि मग नुसता धाकटा. रडणं नाही. घसा सुकला की मूल रडत नाही. नुसता श्वास. मला ठाऊक आहे तो आवाज, ठकी तापात—

मी आई आहे हो. कुणाची का असेना. कसं बसवेल?

बादली भरून आले. एकदाच. ठेवली आणि लगेच परत फिरले. मागे वळून पाहिलं नाही.

गटागटा पिण्याचा आवाज आला. रडू फुटलं मला. आनंदाने. देवा, मला आनंद झाला.

शुक्रवार, २२

पुन्हा तिथेच राहायला आले. दिवसातून तीनदा भरावी लागते, तिकडून येण्याजाण्यातच वेळ जातो. सुतारकाकांनी खुंट्या ठोकून दिल्या. ते आता शांत झोपतात म्हणाले. शिंपीणबाईंनी दाराचा पडदा ओढून घेतला, माझ्याशी बोलल्या नाहीत.

घरून फोन. नवरा 'हॅलो हॅलो' करत राहिला. मी सगळं नीट सांगत होते, की जेवते, बरी आहे, काळजी नको. तो म्हणाला, काय बोलतेस? कोणती भाषा ही? चेष्टा पुरे, पोरगी घाबरली आहे. मी पुन्हा सांगितलं. पुन्हा तेच. तोंडात आपले शब्दच येईनात. लिहिताना हाताला आठवतात, तोंडाला नाही.

मागे ती रडत होती. मी फोनमध्ये नुसतं हुं हुं केलं. तेवढं तरी सगळ्या भाषांत सारखं असतं.

तिला भेटायचंय मला. माझी आहे ती. ठकी ठकी ठकी ठकी

शनिवार

ताईला इथल्या भाषेत म्हटलं, मला बांधून ठेव हवं तर, पण सव्वीसला गाडीत घाल. ती रडली. हो म्हणाली. शिंपीणबाईही आल्या, माझी पिशवी त्यांनी भरली. उशीखालचा फोटो माझ्या हातात दिला. म्हणाल्या, बघ. बघत राहा.

बघितला. गोड आहे पोरगी. कोपराला काहीतरी डाग आहे.

रविवार असेल

धाकट्याचा दात पडला. पुढचा. फुसफुसत बोलतो, हसू येतं. मला म्हणाला, आता कुठे जाऊ नकोस.

म्हटलं, नाही जात.

यांचं अंग किती गार आहे. चुन्याने केस पांढरे झालेत, पुसले तरी निघत नाहीत. सासूबाईंना बसतं केलं. तोंडाला पाणी लावलं. त्या कुरकुरल्या, की एवढा वेळ लागतो का नळावर? पूर्वीसारख्याच आहेत—

सोमवार?

या वहीवर बेडूक का आहे?

पानं चाळली. अक्षर माझंच. कुणातरी ठकीबद्दल फार लिहिलंय. वाचताना छातीत दुखलं, का ते कळलं नाही. एक पान पुन्हा वाचलं. दूध नको, साय नको. कुणीतरी फार माया करत असावं तिच्यावर.

पाणी संपत आलं—

गाडी आली आहे म्हणे. शिट्टीवाला माणूस आणि एक बारकी बाई, दोघं मला चला चला म्हणताहेत. ती बाई रडते आहे. शेजारची शिंपीण माझी पिशवी घेऊन उभी. मी कुठे जाणार? मुलं तहानलेली. नवरा आत वाट बघतोय. त्यांना म्हटलं, एवढी बादली भरून ठेवते, मग बघू.

बाईने फोन कानाला लावला. एक लहान मुलगी होती. मला आई म्हणत होती. बाकी शब्द कळले नाहीत, एकच एक पुन्हा पुन्हा म्हणत होती, ऐकलं तसं उतरवते. येते म्हण. येते म्हण. येते म्हण.

कुणाची आहे बिचारी. जीव तुटला माझा. मी तिला म्हटलं, रडू नको गं बाळा. तुझी आई पाणी आणायला गेली असेल. रांग मोठी असेल. येईल हं.

तिला समजलं नाही बहुतेक. रडतच राहिली.

दंडाला धरताहेत. वही ओढू नका— खालून टकटक. थोरला. मग धाकटा, त्याचा घसा अगदी—

आले रे राजा, आले. ही बादली भरली की लगेच—